महाविद्यालयीन ग्रंथालयांची सामाईक ऑनलाइन तालिका: दाखल रजिस्टरपासून दुसऱ्या गावच्या वाचकापर्यंत

मराठवाड्यात एकाच शिक्षण संस्थेची चार-पाच महाविद्यालये वेगवेगळ्या तालुक्यांत असणे नेहमीचेच. अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला हवे असलेले पुस्तक परळीच्या कपाटात असते आणि दोन्हीकडे कुणालाच त्याचा पत्ता नसतो. यावर उपाय आहे तो सामाईक ऑनलाइन तालिकेचा, म्हणजे सगळ्यांच्या पुस्तकांच्या एकत्र कॅटलॉगचा. त्यासाठीचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, सर्व्हर भाड्याने मिळतो. काम अडते ते दाखल क्रमांक (पुस्तक आल्यावर रजिस्टरमध्ये त्याला मिळणारा क्रमांक), अक्षरजुळणी आणि कोणी काय करायचे याच्या लेखी करारापाशी. म्हणून या लेखात सर्व्हरला कमी आणि नोंदींना जास्त जागा दिली आहे.

आधी रचना ठरवा

वाटा तीन आहेत. पहिली, सगळ्यांसाठी कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरची एकच मांडणी आणि प्रत्येक महाविद्यालय म्हणजे त्यातली एक शाखा. दुसरी, प्रत्येकाचे सॉफ्टवेअर वेगळे ठेवून ओएआय-पीएमएच पद्धतीने नोंदी गोळा करायच्या आणि व्ह्यूफाइंडसारखे एक शोधपान वर बसवायचे. तिसरी, झेड३९.५० या शिष्टाचाराने सगळ्यांच्या सर्व्हरवर एकाच वेळी शोध घ्यायचा. तिसरी वाट कागदावर सर्वांत सोपी दिसते. पण एका गावाची लाइट गेली की तिथली पुस्तके शोधातून गायब होतात आणि वाचकाला वाटते की पुस्तकच नाही. दुसरी वाट विद्यापीठाच्या पातळीवर योग्य, कारण तिला कायमचा तांत्रिक माणूस लागतो. दहापर्यंत महाविद्यालये असतील तर बिनदिक्कत पहिली घ्या.

कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये तयार झाले आणि जानेवारी २००० पासून तिथल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांत चालू झाले. तेव्हापासून ते मुक्तस्रोत आहे. तुमच्याकडे इन्फ्लिबनेट या गांधीनगरच्या केंद्रीय ग्रंथालय-संस्थेचे सोल हे सॉफ्टवेअर चालू असेल तर आजवरची मेहनत वाया जात नाही. सोलमधून नोंदी आयएसओ २७०९ या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढता येतात आणि कोहा त्या वाचतो. इन्फ्लिबनेटची इंडकॅट ही विद्यापीठांची देशव्यापी संघ तालिका आहे, तिचा उपयोग जरूर करा. मात्र शेजारच्या तालुक्यातली प्रत आज जागेवर आहे की वाचकाकडे, हे आपल्या स्वतःच्या तालिकेनेच सांगायचे असते.

सर्व्हर: लाखभर प्रतींसाठी चार कोअर, ८ जीबी रॅम आणि १०० जीबी एसएसडी पुरे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका. सर्व्हर कुठल्याही महाविद्यालयाच्या खोलीत ठेवू नका, डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्या. लाइट अचानक जाण्याने डेटाबेस बिघडतो आणि तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला सहज मिळत नाही. ओपॅक (वाचकांचे ऑनलाइन शोधपान) आणि कर्मचाऱ्यांचे पान दोन्ही एचटीटीपीएसवरच चालवा, प्रमाणपत्र मोफत मिळते.

एका पानाचा करार

सामाईक तालिकेत पुस्तकाची नोंद सर्वांची असते आणि प्रत ज्याची त्याची. पाच महाविद्यालयांत एकाच पुस्तकाच्या बारा प्रती असतील तर तालिकेत नोंद एकच आणि तिच्याखाली बारा प्रती. हे सर्वांना पटल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येकाने आपापली नोंद केली तर शोधात तेच पुस्तक पाच वेळा येते आणि मागणी कुठल्या नोंदीवर टाकायची हे वाचकाला कळत नाही.

करारात एवढे हवेच: नवी नोंद कोण करणार, दुहेरी नोंदी कोण जोडणार, पुस्तक किती दिवस मिळणार, हरवले तर भरपाई कोणाकडे जमा होणार, सर्व्हरचा खर्च कसा वाटायचा, आणि एखादे महाविद्यालय बाहेर पडले तर त्याच्या नोंदी त्याला कोणत्या स्वरूपात द्यायच्या. या शेवटच्या कलमाचे उत्तर मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपातल्या फाइलमध्ये, असे स्पष्ट लिहा.

नोंद करण्याचा अधिकार दोन किंवा तीन ग्रंथपालांकडेच ठेवा. बाकीच्यांनी आधीच्या नोंदीखाली फक्त आपली प्रत जोडायची. कोहात ‘तालिका संपादन’ आणि ‘प्रत संपादन’ हे अधिकार वेगवेगळे देता येतात. सुरुवातीला याला विरोध होतो, कारण प्रत्येक ग्रंथपालाला आपल्या नोंदीचा अभिमान असतो आणि तो असावाही. पण बारा हातांनी केलेली तालिका सहा महिन्यांत शोधण्याजोगी राहत नाही.

दाखल क्रमांकांची टक्कर

हे प्रत्येक ठिकाणी घडते. पाचही महाविद्यालयांचे दाखल रजिस्टर १ पासून सुरू होते, म्हणजे १०२३ हा क्रमांक पाच पुस्तकांना असतो. कोहात बारकोड संपूर्ण डेटाबेसमध्ये एकमेव असावा लागतो. पहिल्या महाविद्यालयाच्या प्रती चढतात आणि दुसऱ्याच्या हजारो प्रती नाकारल्या जातात.

उपाय म्हणून आठ अंकी बारकोड ठरवा: पहिले दोन अंक महाविद्यालयाचा संकेतांक, उरलेले सहा दाखल क्रमांक. तिसऱ्या महाविद्यालयाचे १०२३ वे पुस्तक म्हणजे ०३००१०२३. रजिस्टरमधला मूळ क्रमांक बदलायचा नाही, तो प्रतीच्या नोंदीत वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा लिहायचा, कारण लेखापरीक्षक रजिस्टरच पाहतात. वाचकांच्या ओळखपत्र क्रमांकांनाही हाच नियम लावा.

इथे एक चूक सापडायला फार वेळ घेते. कळफलक मराठीवर असताना बारकोडच्या रकान्यात देवनागरी अंक टाइप होतात. पडद्यावर क्रमांक बरोबर दिसतो, पण स्कॅनर नेहमी इंग्रजी अंक पाठवतो, आणि कोहाच्या दृष्टीने हे दोन वेगळे क्रमांक आहेत. पुस्तक हातात असताना ‘असा बारकोड नाही’ असा संदेश येतो. बारकोड, आयएसबीएन, किंमत आणि तारीख या रकान्यांत इंग्रजी अंकच हवेत. आयात करण्यापूर्वी एक्सेलमध्ये शोधा-बदला वापरून दहाही अंक बदलून घ्या.

लेबलसाठी ए-४ आकाराचा ६५ लेबलांचा कागद घ्या, एक लेबल साधारण ३८ × २१ मिलिमीटर. एक लेबल मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात, म्हणजे काउंटरवर पुस्तक उघडावे लागत नाही. दुसरे आत, गुप्त पानावर, म्हणजे प्रत्येक पुस्तकात ग्रंथालयाने ठरवलेल्या एकाच क्रमांकाच्या पानावर. मलपृष्ठावरच्या लेबलावर पारदर्शक पट्टी लावा, नाहीतर उन्हाळ्यात घामाच्या हातांनी त्यावरची शाई पुसली जाते.

एक्सेलमधून मार्कमध्ये

बहुतेक महाविद्यालयांकडे रजिस्टरची एक्सेल फाइल असते. तिथून पुढची वाट अशी: एक्सेल, मग युनिकोड टेक्स्ट, मग मार्कएडिट या मोफत साधनाने मार्क फाइल, मग कोहा.

पहिला अडथळा फॉन्टचा. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोड नाहीत. रूपांतरकाने बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासाच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. ‘शिक्षण’, ‘मार्ग’, ‘वार्षिक’ हे तीन शब्द फाइलभर शोधले तर रूपांतर कितपत बिनचूक झाले ते लगेच कळते.

दुसरा अडथळा साठवण्याचा. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवले तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि ती पुन्हा अक्षरे होत नाहीत. ‘युनिकोड टेक्स्ट’ किंवा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. आयएसबीएनचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर एक्सेल तेरा अंकी आकड्याचे घातांकात रूपांतर करते आणि दहा अंकी आयएसबीएनच्या सुरुवातीचे शून्य खाते.

तिसरा अडथळा लीडरचा, म्हणजे मार्क फाइलमधल्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीचा. त्यात शून्यापासून मोजून नवव्या स्थानी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर हवे. त्याचा अर्थ मजकूर युनिकोडमध्ये आहे. ती जागा रिकामी राहिली तर कोहा मजकूर जुन्या मार्क-८ संकेतात आहे असे समजतो आणि देवनागरीची वाट लागते. मार्कएडिटमध्ये रूपांतर करताना यूटीएफ-८ चा पर्याय निवडला की हे आपोआप होते.

एका वेळी ५०० ते १००० नोंदीच चढवा. जुळणीचा नियम फक्त आयएसबीएनवर ठेवू नका. काही प्रकाशक जुनाच आयएसबीएन दुसऱ्या पुस्तकावर छापतात, तर संचाच्या सगळ्या खंडांवर एकच आयएसबीएन असतो. कोहात जुळणीसाठी गुण देता येतात. उंबरठा १००० ठेवा, आयएसबीएनला ६००, शीर्षकाला ४००. दोन्ही जुळले तरच नोंद एक मानली जाईल. आयएसबीएन नसलेल्या जुन्या मराठी पुस्तकांसाठी शीर्षक, लेखक आणि वर्ष यांचा वेगळा नियम करा आणि ती तुकडी वेगळी चढवा.

मराठी नोंद: खरे काम इथे आहे

बीए तृतीय वर्षाचा विद्यार्थी ओपॅकवर ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ टाइप करतो आणि शून्य निकाल येतात, पुस्तक मात्र कपाटात आहे. कारण ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’ या सगळ्यांचे हेच. ‘ॲ’चेही तसेच: एक अखंड अक्षर, दुसरे ‘अ’ला चंद्र जोडून झालेले.

उपाय दोन ठिकाणी करायचा. आयात करण्यापूर्वी सगळ्या फाइली ‘ऱ’च्या पहिल्या प्रकारात आणि अखंड ‘ॲ’मध्ये बदलून घ्या. पण वाचक काय टाइप करील यावर आपला ताबा नाही, म्हणून सूचीकरणातही नियम हवा. कोहाचे झेब्रा हे शोधयंत्र मूळ मांडणीत लॅटिन लिपीसाठीच्या अक्षरतक्त्यावर चालते. देवनागरीसाठी ते आयसीयू या युनिकोड लिप्या हाताळणाऱ्या पद्धतीवर न्यावे लागते. झेब्राच्या ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ फाइलमधल्या ‘चारमॅप’च्या ओळींच्या जागी ‘आयसीयूचेन’च्या ओळी घाला, सिस्टिम प्रेफरन्समध्ये आयसीयू वापरात असल्याची खूण करा आणि पूर्ण पुनर्सूची चालवा. त्याच आयसीयूच्या नियमफाइलमध्ये आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हे ‘ऱ, हलन्त’मध्ये बदलण्याचा नियम लिहा आणि त्यानंतर उरलेली शून्य-रुंदी चिन्हे काढण्याचा. क्रम उलटा केला तर जोडचिन्ह आधीच निघून जाते, ‘शेतकऱ्या’चे ‘शेतकर्या’ होते आणि मूळ अडचण तशीच राहते.

आता एक नोंद जवळून पाहू. मार्क नोंदीतल्या प्रत्येक रकान्याला तीन अंकी क्रमांक असतो, त्या रकान्याला क्षेत्र म्हणतात. समजा, हातात असलेल्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर ‘औरंगाबाद, शके १८७५’ असे छापले आहे आणि आयएसबीएन नाही. क्षेत्र ००८ मध्ये ३५ ते ३७ या स्थानांवर मराठीचा तीन अक्षरी संकेत, म्हणजे एम-ए-आर. वर्गांक क्षेत्र ०८२ मध्ये: मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. शीर्षक २४५ मध्ये पृष्ठावर आहे तसे. प्रकाशनस्थळ २६४ मध्ये ‘औरंगाबाद’ असेच लिहायचे, छत्रपती संभाजीनगर करायचे नाही, कारण हे क्षेत्र पुस्तकावर काय छापले आहे ते सांगते. वर्ष ‘शके १८७५’ आणि पुढे चौकटी कंसात १९५३. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चमधल्या मजकुरासाठी ७९. ००८ मधल्या वर्षाच्या जागी मात्र फक्त इसवी सन, नाहीतर कालक्रमाने लावलेल्या यादीत हे पुस्तक १९ व्या शतकात जाऊन बसते.

निजामकाळातल्या पुस्तकांवर फसली सन असतो. हैदराबादी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. जुन्या महाविद्यालयांत अशी उर्दू पुस्तके गठ्ठ्यांनी सापडतात आणि ‘लिपी येत नाही’ म्हणून नोंदीविना पडून राहतात. हे दुखावणारे आहे, कारण मराठवाड्याच्या इतिहासाची साधने त्यांतच आहेत. उर्दू जाणणाऱ्या प्राध्यापकाला आठवड्याचे दोन तास मागा. शीर्षक मूळ लिपीत २४५ मध्ये आणि देवनागरी लिप्यंतर पर्यायी शीर्षकाच्या २४६ मध्ये, एवढे झाले तरी पुस्तक शोधात येते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून झेड३९.५० ने मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी घेता येतात, पण त्यांत मजकूर प्रामुख्याने रोमन लिप्यंतरात असतो. आयएसबीएनने शोधा आणि नोंद घेतल्यावर २४५ मध्ये देवनागरी शीर्षक टाकून रोमन रूप २४६ मध्ये हलवा. दोन लिप्या जोडण्यासाठी ८८० हे क्षेत्र आहे आणि शास्त्र म्हणून तेच बरोबर, पण महाविद्यालयीन पातळीवर २४६ ने काम भागते आणि चुका कमी होतात.

व्यक्तिनावांची अधिकृत यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचे नाव कुणी ‘रघुनाथ, बी.’ लिहील, कुणी ‘कुलकर्णी, भगवान रघुनाथ’. अधिकृत रूप ‘बी. रघुनाथ’ ठरवा आणि बाकीची रूपे त्या यादीतल्या नोंदीच्या ४०० क्षेत्रात ‘पाहा’ म्हणून द्या. ‘संत एकनाथ’, ‘एकनाथ महाराज’, ‘एकनाथ’ यांचे तसेच. संस्थांच्या नावांना काळाची मर्यादा असते: मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, म्हणून त्याआधीच्या प्रकाशनांना जुने नाव आणि दोन्ही नावांत ५१० ने परस्पर संदर्भ. स्थलनाव विषय म्हणून येते तेव्हा मात्र आजचे नाव वापरा आणि औरंगाबाद, उस्मानाबाद ही रूपे ‘पाहा’ नोंदीत ठेवा.

कामाचा अंदाज बांधताना तयार नोंद घेऊन दुरुस्त करायची असेल तर एका माणसाकडून दिवसाला साठ, आणि मूळ नोंद करायची असेल तर वीस एवढेच धरा. त्याहून जास्तीचा आग्रह धरला की लेखकाच्या रकान्यात प्रकाशक येऊ लागतो.

देवघेव आणि पिशवी

वाचक ओपॅकवर मागणी नोंदवतो आणि पुस्तक घेण्याचे ठिकाण म्हणून आपले महाविद्यालय निवडतो. ज्या ग्रंथालयात प्रत आहे त्यांना ती मागणी ‘होल्ड्स क्यू’मध्ये दिसते. ते पुस्तक काढतात, परतीच्या पडद्यावर स्कॅन करतात, कोहा ‘पाठवा’ असा संदेश देतो, चिठ्ठी छापून पुस्तक पिशवीत जाते. पोहोचल्यावर तिथेही परतीच्या पडद्यावर स्कॅन करणे अनिवार्य, तेव्हाच वाचकाला संदेश जातो. पिशवीतून काढून थेट टेबलावर ठेवले तर पुस्तक तालिकेत कायम ‘प्रवासात’ दिसते. सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून ग्रंथालय परिचरांना हे दहा पुस्तकांवर प्रत्यक्ष करून दाखवा.

संस्थेची गाडी किंवा शिपाई आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जातोच, पिशवी त्याच दिवशी पाठवा. प्रवास रेंगाळल्याचा इशारा कोहा मुळात तीन दिवसांनी देतो. आठवड्याची पिशवी असेल तर ती मुदत आठ दिवस करा, नाहीतर रोज खोटे इशारे येतात आणि खरेही वाचले जात नाहीत. वाचनाची मुदत २१ दिवस ठेवा, १४ दिवस ठेवले तर नूतनीकरणाच्या मागण्यांतच वेळ जातो. ‘इंडिपेंडंट ब्रँचेस’ ही सोय चालू करा म्हणजे एका महाविद्यालयाचा कर्मचारी दुसऱ्याच्या प्रती बदलू शकणार नाही. त्याच वेळी दुसऱ्या शाखेच्या प्रतीवर मागणी टाकण्याची परवानगी वेगळी चालू ठेवावी लागते. ती विसरली तर तालिका सामाईक राहते आणि पुस्तके मिळत नाहीत.

सुट्ट्यांचे कॅलेंडर प्रत्येक शाखेचे भरा. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन सर्वांना समान, पण ग्रामदैवताच्या यात्रेची स्थानिक सुट्टी ज्या त्या गावाची. ती भरली नाही तर बंद ग्रंथालयाचा दंड विद्यार्थ्याला लागतो.

नेट बंद पडल्यावर काय करायचे ते काउंटरवर छापून लावा: वहीत वेळ, ओळखपत्र क्रमांक, बारकोड आणि ‘दिले’ की ‘आले’ एवढे चार रकाने, आणि नेट आल्यावर त्याच क्रमाने भरणे. क्रम बदलला तर परत आलेले पुस्तक पुन्हा वाचकाच्या नावावर चढते.

संदर्भग्रंथ आणि जीर्ण पुस्तके पिशवीत घालू नका, त्यांना ‘देवघेवीसाठी नाही’ अशी खूण करा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपतो, अशा लेखकांच्या जीर्ण पुस्तकाचे स्कॅन करून दुवा ८५६ क्षेत्रात देणे सर्वांत चांगले.

ई-साधने

अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके देणारी योजना आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे खाते द्या. एकच पासवर्ड वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे परवान्याच्या अटींत बसत नाही आणि त्यापायी सर्वांचा प्रवेश बंद होऊ शकतो. सरकारी महाविद्यालयांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकांची केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे. आयपी पत्त्यावर चालणारी साधने मोबाइल डेटावर उघडत नाहीत. बहुतेक विद्यार्थी गावाकडून मोबाइलवरूनच शोधतात, म्हणून इन्फेडसारख्या लॉगिनवर चालणाऱ्या वाटेची नोंदणी आधी करा आणि ओपॅकच्या पहिल्या पानावर तीच द्या. शोधगंगा हा प्रबंधांचा साठा आणि नॅशनल डिजिटल लायब्ररी सर्वांना खुल्या आहेत, त्यांचे दुवे पुरेत.

वाचकांचे मोबाइल क्रमांक आणि वाचनाचा इतिहास दुसऱ्या महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याला दिसू नयेत अशी परवानग्यांची मांडणी करा आणि परत आलेल्या पुस्तकांची जुनी देवघेव ठरावीक काळाने निनावी करा.

चालू ठेवण्यासाठी

सर्व्हरची प्रत रोज रात्री आपोआप निघते, ती दुसऱ्या ठिकाणी पाठवा. तीन महिन्यांतून एकदा ती रिकाम्या संगणकावर उभी करून दहा बारकोड शोधून पाहा. दर सोमवारी दुहेरी नोंदींचा अहवाल काढून तालिकाकारांनी त्या जोडाव्यात. वार्षिक साठा पडताळणीत प्रत्येक कपाट वेगळे स्कॅन करा आणि बारकोडची फाइल त्या कपाटाच्या नावाने ठेवा. सगळी फाइल एकत्र चढवली तर चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक ‘सापडले’ असे दिसते आणि ते नेमके कुठल्या फळीवर आहे ते कुणाला सांगता येत नाही. काउंटरवर एक वहीही असू द्या, ‘ओपॅकवर न सापडलेले शब्द’ एवढ्या एकाच शीर्षकाची. वाचक जे शब्द त्यात लिहितील, ते पुढच्या सोमवारी २४६ मध्ये किंवा ‘पाहा’ नोंदीत टाका.